बाळ उताणं झोपवलं तर गुदमरेल का?

माझ्याकडे येणारे पेशंट बहुतेक मोठ्या वयाचे. बीपी, शुगर, दमा, गुडघे. मी बालरोगतज्ज्ञ नाही. पण आपल्या खान्देशात डॉक्टरकडे एकटा पेशंट येत नाही, अख्खं घर येतं. आजीचं बीपी मोजून होतं, गोळ्या लिहून होतात आणि उठता उठता सून विचारते, "सर, बाळ पालथं चांगलं झोपतं, तसंच झोपवू का?" आजी लगेच मध्ये पडते. तिचं म्हणणं असतं, उताणं ठेवलं तर दूध उलटून नाकात जाईल, कुशीवरच बरं. धुळ्याकडची आजी असेल तर अहिराणीत थेट विचारते, "डॉक्टर, पोऱ्या उपडाच निजस, काही व्हई का?"

उत्तर आधी सांगतो, कारणं नंतर. बाळ एक वर्षाचं होईपर्यंत प्रत्येक झोपेला, रात्री आणि दुपारीही, पाठीवर म्हणजे उताणं झोपवायचं. पालथं नको आणि कुशीवरही नको. अंथरूण सपाट आणि जरा घट्ट असावं. डोक्याखाली उशी नको, तोंडाजवळ मऊ काही नको. जगभरातले बालरोगतज्ज्ञ हेच सांगतात आणि यात मतभेद उरलेला नाही.

माझं स्वतःचं मत याच्या थोडं पुढचं आहे. आपल्याकडे बऱ्याच घरांत बाळ उताणंच झोपतं. धोका असतो तो त्याच्या आजूबाजूला: राईची उशी, जाड गोधडी, झोळी, बंद खोलीतली शेगडी, थकलेल्या माणसांनी भरलेला पलंग. आणि आपण डॉक्टर मंडळी बाळंतिणीला टाके, टॉनिक आणि डोसची तारीख सांगतो, पण बाळ कुठे आणि कसं झोपवायचं हे सांगत नाही. सांगितलंच तर एकट्या आईला सांगतो. घरात ठरवणारी असते आजी, आणि ती तेव्हा बाहेर बाकावर बसलेली असते.

आता आजीच्या मुख्य भीतीकडे येऊ. दूध उलटलं तर?

गळ्यात दोन नळ्या असतात. पुढे श्वासनलिका, तिच्या मागे अन्ननलिका. बाळ उताणं असतं तेव्हा श्वासनलिका वरच्या बाजूला येते आणि अन्ननलिका खाली राहते. पोटातून वर आलेलं दूध खालीच, अन्ननलिकेच्या तोंडाशी साठतं. श्वासनलिकेत शिरायचं तर त्याला चढ चढावा लागेल. बाळ ते एक तर गिळतं, नाही तर गालावरून ओघळू देतं. पालथं केलं की चित्र उलटं होतं. अन्ननलिका वर, श्वासनलिका खाली, आणि उलटलेलं दूध उतारानं तिकडेच जाऊ शकतं. म्हणजे ज्या भीतीनं आपण बाळ पालथं करतो, ती भीती पालथं केल्यानं वाढते. दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा, दहा-पंधरा मिनिटं उभं धरा, मग पाठीवर ठेवा. वारंवार दूध टाकणाऱ्या बाळालाही हेच लागू आहे. घशाची किंवा जबड्याची जन्मजात अडचण असलेली काही थोडी बाळं याला अपवाद असतात. त्यांना कसं झोपवायचं ते त्यांचे बालरोगतज्ज्ञ वेगळं सांगतात.

ही भीती फक्त आपल्या आजीची नाही. अमेरिकेत डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनाचं पुस्तक घराघरात होतं. १९५०च्या दशकातल्या आवृत्तीत त्यांनी बाळाला पोटावर झोपवायचा सल्ला दिला, आणि कारण हेच दिलं होतं, की उताणं असताना उलटी झाली तर बाळ गुदमरेल. तर्क पटण्यासारखा होता. पाश्चात्त्य देशांत लाखो घरांनी ऐकला. पुढच्या तीन दशकांत तिथे रात्री धडधाकट झोपवलेली बाळं सकाळी मेलेली सापडण्याचं प्रमाण चिंता करण्याइतकं झालं. शवविच्छेदनातही कारण सापडत नसे. अशा मृत्यूला सडन इन्फंट डेथ सिंड्रोम, थोडक्यात सिड्स म्हणतात.

१९८५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये डेव्हिस नावाच्या डॉक्टरांनी एक साधं निरीक्षण मांडलं. हाँगकाँगमध्ये दाटीवाटीची घरं आहेत, तरी तिथे असे मृत्यू फार कमी का? तिथल्या घरांत बाळं परंपरेनं उताणी झोपवली जात होती. मग नेदरलँड्सनं १९८७ मध्ये, ब्रिटननं १९९१ मध्ये बाळं पाठीवर झोपवा अशा मोहिमा काढल्या. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९२ मध्ये हा सल्ला दिला आणि १९९४ पासून 'बॅक टू स्लीप' या नावानं देशभर प्रचार झाला. अमेरिकेत १९९२ साली हजार जन्मांमागे साधारण १.२ असलेलं सिड्सचं प्रमाण दहा वर्षांच्या आत निम्म्यावर आलं. यासाठी ना नवं औषध लागलं ना मशीन. २००५ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी जुने सगळे अभ्यास एकत्र मांडून पाहिले. १९७० पर्यंतचा पुरावा तेव्हाच नीट जुळवला असता, तर युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाकडची मिळून ५० हजारांहून जास्त बाळं वाचली असती, असा त्यांचा निष्कर्ष होता. एका पटणाऱ्या तर्काची ही किंमत आहे. म्हणून "आमच्या घरात सगळी पोरं पालथीच वाढली, काही झालं नाही" असं कुणी म्हणतं, तेव्हा मला हा आकडा आठवतो. ज्यांच्या घरात झालं, ते सांगायला येत नाहीत.

पालथं झोपल्यानं नेमकं काय होतं? बाळाचं तोंड अंथरुणात खुपसलं जातं, सोडलेलीच हवा ते पुन्हा आत घेतं, ऑक्सिजन कमी होत जातो. अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. आणि तिसरी गोष्ट आईबाबांना पटायला सर्वात अवघड जाते: पालथं बाळ जास्त गाढ झोपतं. आई तेच कौतुकानं सांगते. पण लहान बाळाचं मध्येच जागं होणं, हलणं, दचकणं हे त्याचं संरक्षण असतं. श्वास अडला की मेंदू त्याला उठवतो. पालथ्या झोपेत हे उठणं मंदावतं. म्हणून पाठीवर ठेवल्यावर बाळ हात फेकून दचकतं, त्याची चिंता करू नका. तीन-चार महिन्यांत ते दचकणं आपोआप कमी होतं. हवं तर पातळ सुती दुपट्यात गुंडाळा, छाती आणि कंबरेला सैल, आणि फक्त पाठीवर ठेवूनच. बाळ कूस बदलायचा प्रयत्न करू लागलं की गुंडाळणं बंद करा.

कुशीवर का नको, हेही लोक विचारतात. कुशीवरचं बाळ टिकत नाही. एक हात हलला की पालथं होतं. दोन्ही बाजूंना लोड लावून टेकवलं तर लोडच तोंडावर येतो.

हल्ली पालथं झोपवण्याचं एक नवं कारण ऐकू येतं. "हॉस्पिटलमध्येच पालथं ठेवलं होतं की!" हे खरं असतं. कमी दिवसांची, कमी वजनाची बाळं नवजात कक्षात, ज्याला एसएनसीयू किंवा एनआयसीयू म्हणतात, काही काळ पालथी ठेवतात. तसं त्यांना श्वास घ्यायला सोपं जातं. पण तिथे पायाला ऑक्सिजन मोजायची वायर असते, वर मॉनिटर असतो, तो वाजला की सिस्टर धावते. घरी यातलं काही नसतं. आणि ही नाजूक बाळंच सिड्सच्या धोक्यात इतरांपेक्षा जास्त असतात. आपल्या देशात दर पाच-सहा बाळांतलं एक अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मतं, तेव्हा हा प्रश्न मोजक्या घरांचा नाही. खरं तर घरी सोडायच्या बऱ्याच आधी बाळाला पाठीवर झोपायची सवय लावावी आणि आईला ते डोळ्यांनी दिसावं. आईबाबा डॉक्टर काय सांगतात यापेक्षा डॉक्टर काय करतात ते जास्त लक्षात ठेवतात. तुमचं बाळ असं कक्षात असेल तर घरी निघताना स्पष्ट विचारा, "घरी कसं झोपवायचं?" तुम्ही विचारल्यानं कुणी रागावत नाही.

राईची उशी

डोकं गोल व्हावं म्हणून मोहरी भरलेली छोटी उशी बारशाला आत्या-मावशी आणतातच. आता ती ऑनलाइनही मिळते, वर डॉक्टरांनी सुचवलेली असं लिहून. माझं मत सरळ आहे: झोपताना ती वापरू नका. बाळाचं डोकं शरीराच्या मानानं मोठं आणि मान कमजोर असते. उशीनं मान पुढे वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि कोवळी श्वासनलिका दबते. शिवण उसवली तर मोहरीचे दाणे नाकातोंडात जायला वेळ लागत नाही.

डोकं एका बाजूला थोडं चपटं होतं हे खरं आहे. बहुतेक बाळांत ते बसायला-रांगायला लागल्यावर भरून येतं. तोवर सोपे उपाय आहेत. आज डोकं भिंतीकडे असेल तर उद्या पायांच्या जागी डोकं करा, म्हणजे बाळ उजेडाकडे, आईकडे पाहायला मान दुसरीकडे वळवेल. आणि जागेपणी त्याला पालथं घाला. हो, पालथंच! दिवसातून चार-पाच वेळा, सुरुवातीला दोन-तीन मिनिटं, समोर कुणीतरी बसून. त्यानं मान आणि खांदे बळकट होतात. आजीला पालथं घालायची हौस असेल तर ही वेळ तिला द्या. मालिश झाल्यावर बाळ खुशीत असतं तेव्हा उत्तम. मान सतत एकाच बाजूला राहत असेल, दुसरीकडे वळतच नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

झोळी

झोळीबद्दल बोललं की लोक नाराज होतात, आणि मला त्यांचं कारण कळतं. कापूस वेचायला गेलेली आई बाळाला बांधावरच्या निंबाला झोळीत टांगते तेव्हा ती खाली साप-विंचू, मुंग्या आणि उन्हापासून त्याला वाचवत असते. तिला पाळणा घ्या म्हणणं मूर्खपणाचं आहे. पण शहरातल्या पक्क्या घरात, पंख्याखाली, रात्रभर बाळ जुन्या लुगड्याच्या झोळीत ठेवायचं काही कारण नाही.

झोळीत बाळाचं अंग धनुष्यासारखं वाकतं आणि हनुवटी छातीवर येते. दोन्हीकडून कापड गालाला लागतं. अमेरिकेत २०२२ मध्ये कायदा करून दहा अंशांपेक्षा जास्त तिरपे असलेले बाळाचे झोपायचे पाळणे आणि पाळण्याच्या कडेला लावायच्या मऊ गाद्या विकायला बंदी घातली, ती बाळांचे मृत्यू झाल्यामुळे. तिरप्या पाळण्यात अडचण हीच होती: मान वाकणं आणि तोंड मऊ कापडात जाणं. आपली झोळी त्याहून जास्त वाकलेली असते.

झोळी वापरायचीच असेल तर तोंड उघडं आणि दिसणारं हवं, हनुवटी आणि छातीत दोन बोटं मावावीत, आणि हाक पोचेल इतक्या अंतरावर मोठं माणूस हवं. सात-आठ वर्षांच्या ताईला झोका द्यायला बसवणं म्हणजे लक्ष ठेवणं नव्हे. झोळी जमिनीपासून हातभरच उंच बांधा. बाळ झोपलं की उचलून सपाट जागेवर ठेवा. आणि मूल बसायला लागलं की झोळी पूर्ण बंद. मोठी मुलं तिला पीळ देतात, तो गळ्याभोवती बसतो.

उन्हाळा, थंडी आणि शेगडी

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ ला टेकतो आणि तरी बाळाच्या अंगात झबलं, डोक्याला कुंची, पायात मोजे, वरून दुपटं. विचारलं तर उत्तर येतं, "वारा लागेल." अति उष्णता हा सिड्सचा ज्ञात धोका आहे. तुम्हाला त्या खोलीत जितके कपडे लागतात, तितकेच किंवा फार तर एक पातळ कपडा जास्त. घरात झोपताना टोपी नको, बाळ डोक्यातूनच बरीच उष्णता बाहेर टाकतं. (अगदी कमी वजनाच्या नवजात बाळाला डॉक्टरांनी टोपी सांगितली असेल तर त्यांचं ऐका.) मानेमागे हात लावून पाहा, घामेजलेली असेल तर कपडे कमी करा. पंखा चालतो. कूलर चालतो, झोत थेट अंगावर नको आणि खिडकी उघडी हवी.

थंडीत धुळ्याकडे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा गोधडीचा मोह होतो. गोधडी तोंडावर सरकते आणि बाळाला ती काढता येत नाही. त्याऐवजी अंगातच एक जाड कपडा वाढवा. पांघरूण घालायचंच तर पातळ, छातीपर्यंत, दोन्ही बाजूंनी गादीखाली खोचलेलं. आणि बाळंतिणीची कोळशाची शेगडी! दारं-खिडक्या लावून, ओवा-शेपाची धुरी देऊन ती रात्रभर धुमसत ठेवायची पद्धत अजून काही घरांत आहे. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, आई आणि बाळ दोघंही झोपेतच जाऊ शकतात. शेक घ्यायचा तर दार उघडं ठेवून घ्या आणि झोपायच्या आधी शेगडी खोलीबाहेर काढा. या एका गोष्टीत मी कुणाशीही तडजोड करत नाही.

पलंगावर कोण कोण झोपतं?

परदेशी सल्ला सांगतो, बाळ आईच्या खोलीत असावं पण वेगळ्या पाळण्यात. आपल्याकडे एका खोलीत पाच माणसं झोपतात, वेगळा पाळणा कुठला? आणि रात्री तीनदा-चारदा अंगावर पाजायचं असतं. स्तनपानानं सिड्सचा धोका जवळपास निम्मा होतो, त्यामुळे आईपासून बाळ दूर करा असं मी कधीच सांगणार नाही. आईच्या हाताच्या अंतरावर जमिनीवर वेगळी, पातळ, घट्ट गादी घाला, वर मच्छरदाणी ताणून लावा, झालं. यासाठी दुकानात जायची गरज नाही.

एकाच अंथरुणावर झोपणार असाल तर बाळ आईच्या बाजूला, दोन मोठ्यांच्या मध्ये नको, भावंडांशेजारी नको. भिंत आणि पलंगाच्या फटीत अडकेल असं नको. बाळ कमी वजनाचं किंवा कमी दिवसांचं असेल, बाजूला झोपणारं कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल, दारू प्यायलेलं असेल किंवा झोपेच्या गोळ्या घेत असेल, तर एक अंथरूण अजिबात नको. आणि सोफा किंवा आरामखुर्चीवर बाळाला छातीवर घेऊन झोपणं हे सर्वात धोक्याचं. बाबांचा मोबाइलमधला गोड फोटो नेमका तोच असतो. तंबाखूचं म्हणाल तर गरोदरपणात मिश्री लावणाऱ्या बायका अजून आहेत, आणि मिश्री म्हणजे तंबाखूच. "मी ओढत नाही, फक्त दात घासते" या उत्तरानं बाळाचं नुकसान टळत नाही.

बाळ झोपावं म्हणून सर्दीचे थेंब किंवा खोकल्याचं औषध देऊ नका. सर्दीच्या औषधांतल्या क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन या जोडीला चार वर्षांखालच्या मुलांसाठी मनाई करणारा आदेश औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये काढला आहे. मेडिकलवाला ओळखीचा आहे म्हणून तो नियम बदलत नाही.

हे सांगायचं कधी?

सिड्सचा धोका पहिल्या ते चौथ्या महिन्यात सर्वाधिक असतो. आता आपली व्यवस्था पाहा. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या कामातून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी ही कल्पना पुढे आली आणि २०११ पासून ती देशाच्या कार्यक्रमात आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. वजन पाहते, ताप पाहते, स्तनपान पाहते. त्यानंतरची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात. म्हणजे सर्वात धोक्याच्या काळाच्या ऐन मध्यात दीड महिना कुणी घरात डोकावत नाही.

पण त्याच काळात बाळ स्वतः आपल्याकडे येतं. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या डोसला. बाळाला घेऊन अनेकदा आजीच येते आणि डोसनंतर अर्धा तास बसायचंच असतं. त्या अर्ध्या तासात सिस्टरनं एवढंच विचारावं: "रात्री बाळ कुठे झोपतं, कसं झोपतं, उशी आहे का?" दोन मिनिटं लागतात. उपकेंद्रात, सरकारी रुग्णालयात आणि आमच्या खाजगी दवाखान्यांतही हे व्हावं, डोसच्या कार्डावर त्याची एक ओळ छापावी. मला हा खर्चाचा प्रश्न वाटत नाही, सवयीचा वाटतो.

डोस आणि सिड्सचं वय एकच असल्यानं काही लोकांना वाटतं, डोसमुळेच बाळ जातं. तसं नाही, हे अनेक देशांत तपासून झालं आहे, आणि लसीकरण झालेल्या बाळांत सिड्स कमीच आढळतो. उलट डोसच्या रात्री बाळ तापानं किरकिरतं, मग कुणी त्याला पोटावर घेऊन सोफ्यावर डोळा लावतं, कुणी मांडीवर पालथं निजवतं. त्या रात्री दोघांनी पाळी लावून जागा.

साधारण चार ते सहा महिन्यांत बाळ स्वतःच पालथं पडू लागतं आणि नवी काळजी सुरू होते: रात्रभर उठून सरळ करायचं का? झोपवताना पाठीवरच ठेवा. पण बाळाला उताण्याचं पालथं आणि पालथ्याचं उताणं दोन्ही नीट जमत असेल, तर झोपेत ते जसं वळेल तसं राहू द्या. फक्त अंथरूण मोकळं असू द्या. एकच बाजू जमत असेल तर दिसेल तेव्हा हळूच सरळ करा.

झोपेत नवजात बाळाचा श्वास कधी भरभर, कधी पाच-सात सेकंद थांबून चालतो, ते ठीक आहे. पण श्वास २० सेकंद थांबला, ओठ निळे पडले, अंग ढिलं पडलं किंवा हलवूनही बाळ उठलं नाही, तर आधी पाठीवर घासून, तळव्यावर टिचकी मारून उठवायचा प्रयत्न करा, दुसऱ्यानं त्याच क्षणी १०८ ला फोन करावा. बाळ लगेच शुद्धीवर आलं, दूध प्यायलं, हसलं, तरी त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या. सकाळपर्यंत थांबू नका.